तूंडिल रायर

कुंभकोणम् स्टेशनावर पहाटेच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या लोकांना रायरांच्या हातातलं पिवळ्या कापडात गुंडाळलेलं लांबट प्रकरण म्हणजे नागस्वर वाटायचं. मग त्यांची नजर वर जायची. अंगावर उपरणं, कपाळावर गोपीचंदन, त्यात मधोमध काळ्या अंगाऱ्याची रेघ. असला गृहस्थ नागस्वर घेऊन कुठे निघाला, हे त्यांना उमगत नसे, कारण नागस्वर वाजवणारी घराणी वेगळी. कोणी धीर करून विचारलंच, तर रायर सांगत, "नागस्वर नव्हे. मासे धरायची काठी आहे." ऐकणाऱ्याला वाटे, सामी (तिकडे ब्राह्मणाला असंच म्हणतात) थट्टा करतात. पण रायरांनी कधी कुणाची थट्टा केल्याचं मला आठवत नाही. जे विचारलं त्याचं उत्तर द्यायचं, आणि तेवढंच द्यायचं, अशी त्यांची रीत होती.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या कुळातली माणसं अजून तिकडे आहेत. तमिळ मुलखात आम्हां मराठी बोलणाऱ्यांना राव नाहीतर रायर म्हणतात. कॉलेजातल्या पोरांनी त्यांना 'तूंडिल रायर' करून टाकलं होतं. तूंडिल म्हणजे गळ. हे नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा वर्गात कोणीतरी फळ्यावर गळाचं चित्र काढून ठेवलं, तेव्हा त्यांनी ते नीट न्याहाळलं, खडूनं गळाचं टोक थोडं आत वळवलं, म्हणाले, "असं असतं," आणि तास सुरू केला.

ते तर्कशास्त्र शिकवायचे. मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवायला नवा लागलो होतो आणि त्यांच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. आमच्या घरातली मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरात उतरली ती तिथेच राहिली. पुण्याच्या माणसाला ती पोथीतली वाटते. इथे आमचं बोलणं थोडं सरळ करून लिहितो आहे.

रायर पुढच्या गोष्टीबद्दल कधी विधान करीत नसत. 'उद्या येतो' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत. जेवायला बोलावलं तर म्हणत, "यायचा विचार आहे." एका लग्नात मुलीच्या बापानं त्यांच्यापुढे जोडपं उभं केलं आणि म्हटलं, सुखी होतील म्हणा. रायर म्हणाले, "व्हावेत." बाप म्हणाला, होतील म्हणा की. रायर पुन्हा म्हणाले, "व्हावेत, अशी माझी फार इच्छा आहे." बापाचं तोंड उतरलं. जोडपं पुढे सुखी झालं की नाही ते मला माहीत नाही. रायरांनाही माहीत नव्हतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मासे धरण्याचं वेड त्यांना एका इंग्रज प्राध्यापकामुळे लागलं. तो देश सोडून जाताना आपली चिरलेल्या वेळूची काठी, पितळी चरखी, रेशमी दोर आणि एक पुस्तक मागे ठेवून गेला. पुस्तक थंड डोंगरी नद्यांतल्या माशांविषयी होतं. या प्रकारात गळाला आमिष लावत नाहीत. पिसं आणि धागे बांधून खोटी माशी करायची, दोराच्या वजनानं ती पाण्यावर नेऊन टाकायची. काठी मागे न्यायची, दोर पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. थांबलं नाही तर सगळं गळ्यात येतं. हे रायर पुस्तकावरून शिकले. उन्हाळ्यात कावेरी कोरडी पडे तेव्हा ते वाळूत उतरून एक लिंबू ठेवत आणि त्यावर नेम धरत. काठावर कपडे वाळत घालणारा परीट एकदा मला म्हणाला, की सामी माशांना आधी हवेत पोहायला शिकवतात. मी ते रायरांना सांगितलं. ते म्हणाले, "मासे इथे नाहीत. शिकतो तो मी."

आमच्याकडे डोंगरी नदी नाही. म्हणून ते समुद्रावर जात. मायावरमला गाडी बदलून तरंगंबाडीला उतरायचं. तिथे उप्पनार नावाची खारी नदी समुद्राला मिळते, त्या मुखाशी एक कोळी त्याची छोटी होडी, वल्लम, घेऊन यायचा. त्याचं नाव आरुमुगम्. रायर वर्षभर कधी जात नसत, फक्त पुरट्टासीत, आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास जात. पाऊसवारा ऐप्पसीत सुरू होतो, त्याच्या आधीचा हा महिना. समुद्र निवळलेला असतो, ऊन पिवळं पडू लागतं, आणि लहान मासळीच्या मागे मोठे मासे खाडीच्या तोंडापर्यंत येतात. दुसरंही एक कारण होतं. पुरट्टासी पेरुमाळचा, म्हणजे विष्णूचा महिना. मासे खाणारेसुद्धा त्या महिन्यात मासे सोडतात, बाजार बसतो आणि होड्या रेतीवर पडून असतात. म्हणजे सगळा मुलूख मासे टाकतो त्या महिन्यात एक वैष्णव, आणि तोही सात पिढ्या कांदासुद्धा न शिवलेला, मासे धरायला निघायचा. आरुमुगम् याच्यावर खूष होता. तो म्हणायचा, या महिन्यात आमच्या बायका आम्हांला जाळं शिवू देत नाहीत, तेव्हा पाण्यात एक सामी तरी आहेत हे बरं, नाहीतर मासे माजतील.

धरलेला प्रत्येक मासा रायर सोडून देत. गळाचा उलटा काटा त्यांनी कानशीनं घासून टाकलेला असे. मासा होडीच्या कडेला आला, की ओले हात लावून गळ काढायचा आणि त्याला दोन्ही हातांत धरून पाण्यात तसाच ठेवायचा. तो हातातून आपला आपण निघून जाईपर्यंत धरायचा. आरुमुगम्‌नं माझ्यासमोर त्यांना विचारलं होतं, "सोडायचाच तर धरता कशाला, सामी?"

"धरल्याशिवाय सोडता येत नाही," रायर म्हणाले.

आरुमुगम् माझ्याकडे वळून म्हणाला, "कॉलेजात हेच शिकवतात काय?"

घरात ते थोरल्या भावाच्या पंक्तीला जेवत. बायको लग्नानंतर लवकर गेली, मूल नाही, पुन्हा लग्न केलं नाही. थोरले अण्णा कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांना आणि वैनींनाही मूलबाळ नव्हतं. सकाळ संध्याकाळ पूजा, मधल्या वेळात पोथी, आणि गल्लीतल्या सगळ्यांना सोवळ्याओवळ्याचे निर्णय देणं, हे त्यांचं काम. अण्णांचा आवाज भरदार होता आणि त्यांना हसायला आवडायचं. धाकट्याच्या वेडाला त्यांनी सुरुवातीला नुसतं हसून सोडलं. चातुर्मासाची व्रतं रायर सगळी पाळायचे. दुधाच्या व्रताच्या महिन्यात होडीतही ते बिनदुधाची कॉफी पितळी फिरकीच्या तांब्यातून घोट घोट प्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. अण्णा म्हणत, "हा मासे धरतो, पण एकादशी चुकवत नाही. यमाला याचा हिशोब लावताना कारकून लागेल."

माशी बांधायला काय वापरायचं, हा रायरांपुढे मोठा प्रश्न होता. पुस्तकात कोंबडीची, बदकाची पिसं सांगितली होती. ती घरात आणणं शक्य नव्हतं. त्यांनी विचार करून तोड काढली. रेशीम सोवळ्याला चालतं, ते विणकरांच्या आळीत तुकड्यांनी मिळे, आणि जरीचा धागाही. पाण्यात जर चमकते, लहान मासळीचं पोट चमकतं तशी. मोराचं पीस देवाच्या डोक्यावर असतं. राहिले केस. माशीनं पाण्याच्या वरच्या अंगाला तरंगायचं तर तिला पोकळ केस हवेत, असं पुस्तक सांगत होतं, आणि असे केस हरणाचे असतात. मृगाजिन तर जपाचं आसन. म्हणजे माशीतली प्रत्येक वस्तू देवघरात चालणारी. हे त्यांनी अण्णांना समजावलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आणि गळ?"

"गळ मी माडीच्या जिन्याखाली ठेवतो," रायर म्हणाले.

ते हरणाचे केस कुठून येतात, हे अण्णांनी त्या दिवशी विचारलं नाही.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर रेशमी दोर गोड पाण्यात धुवून वाळवावा लागतो, नाहीतर कुजतो. रायर तो कावेरीच्या पाण्यात धुवून गच्चीवर ताणून बांधत. एकदा टोकाची माशी काढायची राहिली. वारा सुटला, दोराचं टोक सुटून शेजारच्या गच्चीवर गेलं आणि माशी तिथे वेळूवर वाळत घातलेल्या शेजारच्या अक्कांच्या सोवळ्याच्या लुगड्यात अडकली. अक्कांनी काठीनं लुगडं उचललं आणि तसंच अण्णांच्या ओट्यावर आणलं. लुगडं बाटलं की नाही, ते सांगा.

मी तिथे होतो. अण्णांनी चष्मा लावला, माशी उन्हात धरली आणि एकेक वस्तू मोजावी तशी पाहिली. हे रेशीम, शुद्ध. ही जर, शुद्ध. हे मोराचं, शुद्ध. हे केस हरणाचे, शुद्ध. अक्का, लोखंडाचा स्पर्श धुतला की जातो. लुगडं एकदा बुडवून घ्या, पुरे. अक्का निघाल्या. निकाल आपल्या बाजूनं लागल्यासारखं रायर जिन्यात उभं राहून समाधानानं ऐकत होते. आणि अण्णा मात्र माशी खाली ठेवीनात. केस वरून पिंगट आणि मुळाशी पांढरे होते. त्यांनी ते बोटांत चुरून पाहिले, उठून आत देवघरात गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या वडिलांचं मृगाजिन होतं. अप्पा त्यावर बसून उभा जन्म जप करीत. आता ते खुंटीवर टांगलेलं असे आणि वर्षातून एकदा, अप्पांच्या तिथीला, खाली काढत. अण्णांनी ते उलटं केलं. कडेला तळहाताएवढा भाग पार उघडा पडला होता. अण्णांना गेल्या वर्षी तो दिसला होता. झुरळांचं काम म्हणून त्यांनी खाली कडुनिंबाचा पाला पसरला होता.

"हे तू केलंस?"

"होय," रायर म्हणाले.

"बाजारात कातडं मिळत नव्हतं?"

"मिळतं. पण नवे केस बांधताना मोडतात. अप्पांच्या बसण्यानं हे मऊ झालेत."

रायरांनी खरं तेच सांगितलं. मला नंतर पुष्कळदा वाटलं, की त्या वाक्यात त्यांचं बापावरचं प्रेमही होतं, फक्त ते त्यांना वेगळं काढून दाखवता येत नव्हतं. अण्णांच्या कानावर पडलं ते इतकंच, की बापाच्या जपाचं आसन मासळीच्या तोंडात गेलं. ते ओरडले नाहीत. कातडं घडी करून मांडीवर घेतलं आणि सावकाश म्हणाले, "अप्पांच्या तिथीला माझ्या शेजारी बसू नको. हे सोडलं म्हण, मग बस."

याचा अर्थ आमच्या लोकांत लहान नव्हता. एकत्र घरात श्राद्ध थोरला करतो आणि धाकटा त्याच्या शेजारी बसतो, दर्भाच्या टोकाला हात लावतो. तेवढ्यानं ते त्याचंही होतं. धाकट्यानं वेगळं श्राद्ध मांडलं, तर भाऊ विभक्त झाले असं गाव समजतं. रायरांनी तेच विचारलं, की मग मी वेगळं करू? अण्णा म्हणाले, "वेगळं केलंस तर घर वेगळं झालं. तुझं तू बघ."

रायरांना घर वेगळं करायचं नव्हतं. भावाशेजारी बसायचं होतं. आणि 'सोडलं' असंही त्यांना म्हणता येईना. म्हणून पुढची काही वर्षं अप्पांच्या तिथीला ते दोन्हींतलं काहीच करू शकले नाहीत. एरवी दोघे एकाच पंक्तीला जेवत, भाजीला मीठ कमी आहे इतपत बोलत. पितृपक्षातली ती एक तिथी आली, की रायर पहाटे उठून आंघोळ करून घराबाहेर पडत. तिथी पुरट्टासीतच यायची. जायला त्यांना एकच जागा होती.

एका वर्षी मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांचा उपास होता, माझाही झाला. होडी मुखाशी पोचली तेव्हा भरती नुकतीच थांबली होती. नदीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी यांच्यामधली रेघ होडीच्या पलीकडे स्पष्ट दिसत होती. रायर पुढच्या टोकाला अनवाणी उभे राहिले. उपरणं कमरेला बांधलेलं. जमिनीवर चालताना ते जरा वाकडे, एका खांद्यानं पुढे असत, पण होडीत उभे राहिले की सरळ व्हायचे. काठी मागे गेली, दोर आमच्या डोक्यांवरून मागे उलगडला, आणि तो पुरता सरळ होईपर्यंत ते थांबले. ते थांबणं मला अजून दिसतं. अख्ख्या माणसात त्या क्षणी कसलीच घाई नव्हती. मग दोर पुढे गेला आणि माशी त्या रेघेवर आवाज न करता पडली.

पुष्कळ वेळ काही लागलं नाही. आरुमुगम् म्हणाला, मासेही पुरट्टासी पाळतात. मग पाण्याखाली एक तांबूस झाक वळली, दोर ताणला आणि चरखी ओरडली. कोडुवा होता, कोकणात ज्याला जिताडा म्हणतात तो. त्यानं एकदा अर्धं अंग पाण्याबाहेर काढून डोकं झटकलं. रायर मोठ्यानं बोलत नसत, पण तेव्हा ते स्वतःशी पुटपुटत होते, जा, जा, जा बापा, आणि दोर सोडत होते. मासा थकत आला, होडीकडे येऊ लागला. रायरांनी सहज वर पाहिलं. सूर्य माथ्यावरून कलला होता. त्यांचा हात थांबला.

"आत्ता अण्णा पिंडाला बसले असतील," ते म्हणाले.

दोर ढिला पडला. काटा घासलेला असल्यामुळे गळ सुटायला तेवढं पुरलं. आरुमुगम् हळहळला, एवढा मोठा मासा, सामी, सोडायचाच होता तरी हाताला तर लागू द्यायचा. रायरांनी दोर गुंडाळला, काठीचे तुकडे वेगळे केले, पुसले, कापडात बांधले. परतीच्या गाडीत मी त्यांना म्हटलं, की अण्णांना हवा आहे तो एक शब्द आहे, तो देऊन टाका. ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "'सोडलं' म्हणजे काय, सांग. आज काठी बांधली, एवढं मला ठाऊक आहे. पुढल्या पुरट्टासीत मी कसा असेन, ते मला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही, ते अप्पांच्या पानाशी बसण्यासाठी म्हणू?"

त्यानंतर माझी तिरुच्चीला बदली झाली. वर्षभर भेट नाही. माझ्या वडिलांची तिथीही पितृपक्षातच येते, म्हणून पुढच्या पुरट्टासीत मी कुंभकोणमला आलो आणि रायरांकडेच उतरलो. अण्णा मला ओळखू येईनात. छातीचं दुखणं झालं होतं, आवाज खाली गेला होता, भिंतीला धरून चालत. दुसऱ्या दिवशी अप्पांची तिथी. संध्याकाळी ओट्यावर भटजी दर्भ निवडत बसले होते. रायर खांबाशी उभे होते. अण्णांनीच विषय काढला.

"उद्या मला वाकवणार नाही," ते म्हणाले. "शेजारी माणूस पाहिजे. तू बस."

रायर एक पाऊल पुढे आले.

"तेवढं सोडलं म्हण. मी पुढे कधी काही विचारणार नाही."

मला त्यात अट कमी आणि याचनाच जास्त ऐकू आली. भटजींनाही ऐकू आली असावी. ते खाली बघत म्हणाले, की रायर, मंत्रात माणूस किती काय म्हणतो, हा तर एक शब्द. चुकून पुढे पाऊल पडलंच तर प्रायश्चित्तं काय कमी आहेत?

रायरांच्या ओठांची हालचाल मी पाहत होतो. शब्द तिथपर्यंत आला असावा. मग ते म्हणाले, "पुढचं मला कसं ठाऊक असणार, अण्णा?"

अण्णा मग भिंतीला धरून उठले. जाता जाता भटजींना म्हणाले, "उद्या तुम्ही मला जरा धरा."

दुसऱ्या दिवशी रायर पहाटे बाहेर पडले. मला वाटलं, तरंगंबाडीला गेले. माझ्या वडिलांची तिथी दोन दिवसांनी होती. ती झाली आणि मी तिरुच्चीला परतलो. मार्गळी महिन्यात, थंडीत, अण्णा गेले. अण्णांना मूल नव्हतं म्हणून अग्नी रायरांनी दिला, आणि दिवसही त्यांनीच केले. मला ते पत्रानं कळलं, जाणं झालं नाही.

पुढच्या पितृपक्षात मी गेलो. अप्पांच्या तिथीला त्या वर्षी श्राद्ध रायरांनी केलं. इतकी वर्षं ज्या पाटाच्या शेजारी बसायचं होतं, त्या पाटावर ते बसले होते आणि शेजारी कुणी नव्हतं. अप्पा, आजोबा, पणजोबा झाल्यावर इतरांच्या नावानं पिंड देताना भटजींनी अण्णांचं नाव विचारलं. रायरांनी ते स्पष्ट सांगितलं. भटजींना एवढ्या वर्षांत नाव ठाऊक नव्हतं असं नाही, तशी पद्धत आहे.

ब्राह्मण उठल्यावर घरची पानं मांडली. रायर आणि मी. स्वयंपाक वैनींनी केला होता, डोईवरून पदर पुढे ओढून त्याच वाढत होत्या. अण्णांच्या जाण्यानंतर त्या फार बोलत नसत. भात वाढून झाला, ताकाचं पातेलं घेऊन त्या रायरांच्या पानापाशी आल्या आणि तिथेच थांबल्या.

"भावोजी, तुम्ही म्हणायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "ते मला म्हणाले होते, नुसतं म्हणू दे. मग जाईना का परत पाण्यावर. मी तिकडे बघणार नाही."

रायर पानाकडे पाहत होते. म्हणाले, "मी गेलो नव्हतो, वैनी."

"कुठे?"

"पाण्यावर. ते वर्ष सगळं. याच्या बरोबर गेलो होतो," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "त्यानंतर गेलोच नाही. काठी उचलेना. त्या तिथीलासुद्धा कावेरीच्या पायरीवर बसून होतो. दिवे लागेपर्यंत."

वैनींच्या हातातलं पातेलं कलतं होतं आणि ताकाची बारीक धार भातावर पडत होती. ती त्यांना दिसत नव्हती.

"मग ते तरी सांगायचं की त्यांना. गेलो नाही म्हणून."

"अण्णांनी ते विचारलं नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हे बचाव म्हणून म्हटलं नव्हतं. वर्षभर ते याच वाक्यापाशी येऊन बसले असावेत आणि तिथून पुढे त्यांना वाट सापडली नसावी. प्रश्न होता, सोडलं का. त्याचं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. गेलो नाही, हे त्यांना ठाऊक होतं, पण तो प्रश्न नव्हता. त्या संध्याकाळी ओट्यावर आम्ही चौघे होतो आणि दोन भावांच्या मधे एवढंसं अंतर होतं.

वैनींनी पातेलं सरळ केलं.

"त्यांना विचारायचं सुचलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हांला सांगायचं सुचलं नाही. आणि मी आत स्वयंपाक करत होते."

त्या आत गेल्या. ताक भातातून ओघळत पानाच्या कडेपर्यंत आलं होतं. रायरांनी हातानं ते अडवलं आणि मान खाली घालून जेवायला लागले.